नासर्डी लिहू का?

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला घरी होतो. ताईची मुलगी आठवीत आहे. तिने डायनिंग टेबलवर भूगोलाचा प्रोजेक्ट पसरला होता, 'गोदावरी आणि तिच्या उपनद्या'. चार्टपेपरवर डावीकडून उजवीकडे एक जाड निळी रेघ आणि तिला वरून-खालून येऊन मिळणाऱ्या बारीक रेघा. वरच्या बाजूला पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी. खालच्या बाजूला दारणा, प्रवरा, मांजरा. एकूण चित्र माशाच्या काट्यासारखं दिसत होतं.

"मामा, नासर्डी लिहू का?" तिने विचारलं.

मी हो म्हणणार तेवढ्यात सोफ्यावरून पप्पा म्हणाले, "नासर्डी कशाला? नाला आहे तो."

"पण आबा, आमच्या बाई म्हणाल्या, तिचं खरं नाव नंदिनी आहे. नदीच आहे ती."

"नाव काहीही ठेवा. पाणी बघितलंस का कधी जवळून?"

तिने खांदे उडवले आणि मांजरेच्या रेघेवर दुसऱ्यांदा स्केचपेन फिरवायला लागली. मीही गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं, ते पुढे सांगतो.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडं भूगोलाचं. नासर्डी शहराच्या पश्चिमेकडून येते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूने, उंटवाडीला सिटी सेंटर मॉलच्या शेजारून, पुणे रोडवरच्या नासर्डी पुलाखालून जाते आणि टाकळीला गोदावरीला मिळते. टाकळीच्या या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं, पाण्यात उभं राहून जप केला, असं परंपरा सांगते. तिथे मठ आहे. त्याच भागात आज महापालिकेचं मलनिस्सारण केंद्रही आहे. आता त्या पाण्यात कुणी बारा मिनिटंसुद्धा उभं राहणार नाही.

परंपरेत ती नंदिनी. महापालिकेच्या कागदांतही आता नंदिनी. रिक्षावाल्याला विचाराल तर नासर्डी. पप्पांना विचाराल तर नाला.

आणि गोदावरीला मात्र जुन्या नाशकात कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. गंगाघाट, गंगापूर, 'गंगेला पूर आलाय'. माझी आजी 'गंगेवर जाऊन येते' म्हणून निघायची. आम्ही नासर्डीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहायचो. आजीच्या तरुणपणी धुणं नासर्डीवर आणि अंघोळ गंगेवर, अशी वाटणी होती. तेव्हा नासर्डीत मासे दिसायचे, म्हणायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं की, टाकळीला तर दोन्ही पाणी एकच होतं, मग? ती म्हणाली, "मिळाल्यावर गंगाच की रे ती."

हे वाक्य मला बरीच वर्षं फार आवडायचं. शाळेतल्या एका निबंधातही घातलं होतं. आता त्यातली गोम कळते. मिळाल्यावर गंगा असेल तर मिळण्याआधी काय होती, हे विचारायची गरजच उरत नाही. मिळण्याआधी तिच्यात काय सोडलं, हेही मग कुणी विचारत नाही.

*

एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येतो का, हा हेराक्लिटसचा प्रश्न तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल. मला त्याच्यापेक्षा शाळकरी प्रश्न पडतो. दोन नद्या भेटतात, तिथून पुढे एकीचंच नाव का चालतं? 'मुख्य' कोण आणि 'उप' कोण, हे ठरवतं कोण?

मला वाटायचं, सोपं आहे. जिच्यात पाणी जास्त ती मुख्य. किंवा जी लांबून येते ती. इंजिनिअरला मोजता येणारं काहीतरी हवं असतं. पण मोजायला गेलं की सगळं बिनसतं. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि पुढे गंगा होते. आपण गंगेचा उगम भागीरथीकडे, गोमुखाला मानतो. पाण्याच्या हिशेबाने मात्र अलकनंदा मोठी आहे. प्रयागराजला गंगेला भेटणारी यमुना गंगेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. अमेरिकेत मिसिसिपीला ओहायो नदी मिळते, तिथेही ओहायोचं पाणी जास्त आणि पुढे नाव मिसिसिपीचं.

आमच्या गोदावरीचंच घ्या. ती त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, आणि त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. गोदावरीच्या अख्ख्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे. नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा, तेलंगणा असं सगळीकडे अडवून, उपसून उरलेली गोदावरी तिथे पोचते, आणि वर्धा-वैनगंगेचं, म्हणजे विदर्भाच्या मोठ्या भागाचं पाणी घेऊन प्राणहिता येते. तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा या संगमाच्या खालच्या बाजूला बांधला, तो या पाण्यासाठीच. तरी संगमानंतर नाव कुणाचं? त्र्यंबकहून आलेलीचं.

त्यात प्राणहिता हे नावही मजेशीर आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटतात तेव्हा कुणीच कुणाची उपनदी होत नाही. दोघी नावं टाकतात आणि नवं नाव घेतात. पुण्यात, जिथे मी सध्या राहतो, तिथे आणखी वेगळी पद्धत. मुळा आणि मुठा भेटल्या तरी दोघींची नावं शाबूत, मुळा-मुठा. लग्नानंतर दोन्ही आडनावं लावल्यासारखं. म्हणजे मराठी माणसाला तिन्ही पद्धती येतात: एकीने दुसरीत विरून जायचं, दोघींनी आपापलं नाव राखायचं, किंवा दोघींनी सोडायचं. कुठे कुठली लावायची, याचा निसर्गात काही नियम नाही.

आडनावाचं निघालंच आहे तर. आजी दारणाकाठच्या एका गावची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नव्या नवरीचं नवं नाव लिहितात, तसं तिचं लिहिलं गेलं. ती गेली तेव्हा दहाव्याला तिच्या माहेरचे एक म्हातारे भाऊ आले आणि तिला कुठल्यातरी वेगळ्याच नावाने हाक मारून रडायला लागले. आम्ही नातवंडं एकमेकांकडे बघत राहिलो. हे नाव आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. पप्पांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडूनही कधी आलं नव्हतं.

त्र्यंबक गावात गोदावरीला अगदी सुरुवातीलाच एक छोटी नदी मिळते. तिचं नाव अहिल्या. गोदावरी ज्यांनी आणली असं आपण मानतो त्या गौतम ऋषींच्या बायकोचं नाव. आज त्र्यंबकमध्ये खुद्द गोदावरीच काही ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबखालून वाहते, तर अहिल्येला कोण विचारतो. पण पहिलीच उपनदी बायकोच्या नावाची असावी, हे मी दहाव्यानंतर नकाशात बघत बसलो होतो बराच वेळ.

*

माझं कामच नकाशांचं आहे. कंपनी डिलिव्हरीचे मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर बनवते आणि त्यासाठी आम्ही ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतो. हा नकाशा विकिपीडियासारखा, कुणीही दुरुस्त करू शकतं. त्यात प्रत्येक वाहत्या पाण्याच्या रेषेला एक टॅग द्यावा लागतो: रिव्हर, स्ट्रीम, कॅनॉल, ड्रेन, डिच. रिव्हर आणि स्ट्रीम यांतला फरक सांगायला त्यांच्याकडे एक भन्नाट कसोटी आहे. धडधाकट माणूस उडी मारून पलीकडे जाऊ शकला तर स्ट्रीम, नाहीतर रिव्हर. आणि ड्रेन म्हणजे नको असलेलं पाणी वाहून न्यायला माणसाने केलेला मार्ग, बहुधा काँक्रीटचा.

मला ती उडीची कसोटी आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. नदी आणि ओढा यांतली सीमा पाण्यात नाही, बघणाऱ्याच्या पायात आहे, हे ती सरळ कबूल करते. पण ड्रेनच्या व्याख्येशी मी अडखळतो. नको असलेलं पाणी. कुणाला नको असलेलं? आणि नासर्डीसारख्या ठिकाणी, जिथे आधी नदी होती, मग तिच्यात नको असलेलं पाणी यायला लागलं, मग काठांना भिंती आल्या, तिथे नक्की कुठल्या वर्षी टॅग बदलायचा?

नाला हे वर्णन नसतंच, असं मला आता वाटतं. तो निकाल असतो, आणि पुराव्याच्या आधी लागतो. एखाद्या पाण्याला नाला म्हणायला लागलं की त्यात काही सोडताना हात अडखळत नाही, आणि सोडत राहिलं की ते खरंच नाला दिसायला लागतं. मग पप्पा म्हणाले तसं म्हणता येतं: पाणी बघितलंस का कधी?

आता ते कारण. पप्पांनी सव्वीस वर्षं एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम केलं. मोटारसायकलच्या पार्ट्सना निकेल-क्रोम चढवायचं. रॅकला जॉब लटकवायचे, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवायचे, मध्ये धुवायचे. धुतलेलं पाणी कुठेतरी जातं. खराब झालेला बाथही कधीतरी टाकून द्यावा लागतो. पाणी शुद्ध करायची यंत्रणा तिथे कागदावर होती. मी नववीत असताना एकदा रात्रपाळीला त्यांचा डबा द्यायला गेलो होतो. पाऊस पडत होता. मागच्या बाजूला पप्पा एक व्हॉल्व्ह उघडून उभे होते आणि पिवळं पाणी गटारीत चाललं होतं. मला बघून म्हणाले, "घरी जा, भिजशील." बस. त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. ती गटार कुठे जाते हे मला माहीत होतं. क्रोमियम म्हणजे काय हे अकरावीत कळलं आणि सहा संयुजेचं क्रोमियम माणसाला काय करतं हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, पर्यावरण अभ्यासाच्या पेपरसाठी वाचताना. त्या वर्षाची फी पप्पांच्या ओव्हरटाइमची होती.

म्हणून मी गप्प बसलो. पप्पांना नासर्डी नाला असण्याची गरज आहे. नदी असेल तर सव्वीस वर्षांचा हिशेब बदलतो. आणि खरं सांगायचं तर तो बदलायला नको असं मलाही वाटतं, कारण त्या हिशेबाच्या खालच्या ओळीत मी आहे, माझी डिग्री आहे, हा लेख ज्या लॅपटॉपवर लिहितोय तो आहे.

व्हॉल्व्ह मालकाच्या सांगण्यावरून उघडायचा, हे मला कळतं. महिन्याच्या पगारावरचा माणूस नाही म्हणू शकत नव्हता. पण मालकही म्हणत असेल की यंत्रणा चालवली तर जॉबचा रेट परवडत नाही, आणि ज्या मोठ्या कंपनीला पार्ट जायचे तीही म्हणत असेल की रेट बाजार ठरवतो. जबाबदारीही नदीसारखीच खाली वाहत जाते आणि प्रत्येक जण आपण फक्त उपनदी आहोत असं सांगतो.

*

आता दुसरी बाजू, जिथे मी स्वतः व्हॉल्व्हपाशी उभा होतो.

२०१५ च्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थ होता आणि मराठवाड्यात दुष्काळ. शाहीस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडलं गेलं. नंतर ऑक्टोबरमध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश आला आणि नाशकात आंदोलनं झाली. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होतो. 'नाशिकचं पाणी नाशिकलाच' अशा अर्थाची एक पोस्ट मी मोठ्या जोशात व्हॉट्सॲपवर टाकली. माझा रूममेट लातूरचा. त्याने वाचली आणि एवढंच विचारलं, "तुमच्याकडे पाऊस काय एमआयडीसीत बनतो का रे?"

पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. तुम्हाला त्या टँकरच्या वाघिणींचे फोटो आठवत असतील. रूममेट सुट्टीहून परत आला तेव्हा अर्ध्या बादलीत अंघोळ करायचा. पुण्यात नळाला पाणी होतं, तरीही. सवय लागली होती.

खरं तर माझ्या पोस्टचा आणि त्याच्या बादलीचा थेट संबंध नव्हता. लातूरला पाणी यायचं ते मांजरेवरच्या धरणातून, आणि ते धरण कोरडं पडलं होतं. मांजरा गोदावरीची उपनदी, ७२४ किलोमीटरची, उपनद्यांमध्ये सगळ्यात लांब. ती गोदावरीला मिळते ते लातूरच्या कितीतरी खाली. म्हणजे नाशिकने सोडलेला एक थेंबही त्याच्या नळापर्यंत पोचला नसता. हा मुद्दा तेव्हा माझ्या तोंडावर आला होता. सुदैवाने मी बोललो नाही. भूगोल बरोबर असूनही माणूस किती लहान दिसू शकतो, याचं ते उदाहरण झालं असतं.

'आमच्या हद्दीत पडलेलं पाणी आमचं' या म्हणण्याला जगात एक अधिकृत नाव आहे, हार्मन सिद्धांत. १८९५ मध्ये रिओ ग्रांदेच्या पाण्यावरून मेक्सिकोने तक्रार केली, तेव्हा अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी मत दिलं की, आमच्या भूमीवरच्या पाण्याचं आम्ही काय करतो याबद्दल खालच्या देशाला आम्ही काहीही बांधील नाही. अमेरिकेनेही तो सिद्धांत नंतर व्यवहारात फारसा पाळला नाही. १९०६ मध्ये मेक्सिकोशी पाणीवाटपाचा करार केला. महाराष्ट्राने तर २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात याच्या उलट तत्त्व लिहून ठेवलंय: टंचाई आली तर ती खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची, ऑक्टोबरअखेर वरच्या आणि खालच्या धरणांतल्या वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं बघायचं. त्यावर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये आकडे बसवले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये याच सूत्राने ८.६ टीएमसीचा आदेश निघाला आणि तीच आंदोलनं, त्याच घोषणा परत झाल्या. गंमत म्हणजे मेंढेगिरी ज्या 'मेरी' या संस्थेचे महासंचालक होते ती संस्था नाशिकमध्येच, दिंडोरी रोडवर आहे.

टंचाई वाटून घेणे. कायद्यात इतकं सुंदर क्रियापद क्वचित असतं.

पण ते सोपं नाही, आणि नाशिकच्या शेतकऱ्याला स्वार्थी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. निफाडच्या द्राक्षबागेवर कर्ज असतं, आणि ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर बाग पाणी मागते, तेव्हाच नेमका आदेश येतो. खाली गेलेल्या पाण्यावर ऊस उभा राहतो, संभाजीनगरला बिअरचे कारखाने चालतात, मग आम्ही का सोडायचं, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. पण मग आणखी वर चला. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दारणा, मुकणे, भावली, वाकी, भाम ही सगळी धरणं त्यावर भरतात. आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका विहिरीच्या तळाला उतरतात. हार्मनचा न्याय लावायचा तर पाणी त्यांचं. नाशिक शहराने ते त्यांना विचारून घेतलं नाही. 'आमचं पाणी' म्हणणारे आम्ही स्वतःच कुणाच्या तरी खाली राहतो, हे घोषणा देताना आठवत नाही.

आणि यात मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. नासर्डी आणि जायकवाडी हे दोन वाद मी कित्येक वर्षं डोक्यात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते. एक प्रदूषणाचा, एक वाटपाचा. वास्तविक दोन्ही एकाच पाण्याबद्दल आहेत. टाकळीच्या संगमावरून पुढे गेलेलं पाणीही नांदूर मधमेश्वर ओलांडून जायकवाडीकडेच जातं. धरणातलं पाणी खाली मागितलं की आम्ही म्हणतो, आमचं आहे. गटारीतलं पाणी खाली जातं तेव्हा एकही नाशिककर रस्त्यावर येऊन 'आमचं पाणी आम्हाला परत द्या' म्हणत नाही. पाऊस आमचा, सांडपाणी पुढच्या गावाचं. मालकी सांगायची तर दोन्हीची सांगायला नको का? मी कोडमध्ये असा कॉन्स्टंट लिहिला असता, जो फायद्याच्या वेळी ट्रू आणि तोट्याच्या वेळी फॉल्स देतो, तर रिव्ह्यूमध्ये पहिल्या मिनिटाला पकडला गेलो असतो.

*

मग नदीलाच माणूस करून टाकलं तर? २०१७ मध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. त्या कायद्यात डोंगरापासून समुद्रापर्यंतची नदी एकच अखंड जीव आहे आणि तिच्या व्याख्येत उपनद्याही येतात. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा, यमुना आणि त्यांच्या सगळ्या उपनद्यांना, ओढ्यांना असाच दर्जा दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. राज्य सरकारने उभी केलेली एक अडचण अशी होती की, पूर आला तर नुकसानभरपाई कुणाकडून मागायची?

प्रश्न हास्यास्पद वाटला तरी नाशिकमध्ये तो कळतो. आम्ही पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक वेळी फोनमधले फोटो तिथलेच. त्या दिवशी नासर्डीही नदी होते. काठच्या घरांत पाणी शिरतं आणि टीव्हीवर 'नंदिनी नदीला पूर' अशी पट्टी येते. ऑक्टोबर उजाडला की परत नाला.

नदीला व्यक्ती म्हणण्याची आपल्याला तशी सवय जुनी आहे. देवी म्हणणं म्हणजे तेच. पण देवीची अडचण ही की ती सगळं पोटात घालते. आजीचं वाक्य त्यातलंच. मला गौतम ऋषींच्या कथेतला दुसरा धागा जास्त पटतो, जो आरतीत फारसा ऐकू येत नाही. गौतमांच्या शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भ उगारला, गाय मेली. ते पाप फेडायला त्यांनी तप केलं आणि गंगा इथे आणली. म्हणजे या नदीची गोष्ट एका माणसाने 'माझ्या हातून झालं' असं मान्य करण्यापासून सुरू होते. गाय म्हातारी होती, कपटाने पाठवली होती, मी फक्त काडी उगारली, अशा सबबी कथेतच तयार आहेत. गौतमांनी त्यातली एकही वापरली नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात सुरू आहे. रस्ते खणलेत. रामकुंडात येणारं पाणी स्वच्छ ठेवण्यावर पैसा खर्च होईल आणि तो व्हायलाच हवा. टाकळी रामकुंडाच्या खाली आहे. तिथलं पाणी स्नानाला येत नाही.

*

दुसऱ्या दिवशी भाचीला फोटो हवा होता म्हणून टाकळीला निघालो. पप्पा म्हणाले, मीही येतो. असं ते सहसा म्हणत नाहीत.

मठापासून चालत संगमापर्यंत गेलो. वास होता, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. काठावर प्लास्टिक, निर्माल्याच्या पिशव्या, दोन बगळे. नासर्डीचं पाणी काळपट राखाडी, गोदावरीचं हिरवट. काही अंतर दोन्ही पाणी शेजारी-शेजारी वाहतं आणि मग कळत नाही.

"मामा, ही डाव्या तीराची की उजव्या?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, "तूच सांग. नियम काय?"

"नदी जिकडे चाललीय तिकडे तोंड करून उभं राहायचं." ती पूर्वेकडे वळून उभी राहिली आणि आम्हा दोघांनाही तिने हाताला धरून वळवलं. "उजव्या."

आम्ही तिघं तसेच खालच्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. पप्पा बराच वेळ तिकडे बघत होते. मग म्हणाले, "इथून पुढे दसक, पंचक. मग ओढा. मग सायखेडा, चांदोरी." थोड्या वेळाने म्हणाले, "चांदोरीचा एक पोरगा होता आमच्या शॉपमध्ये. रोज एसटीने यायचा."

घरी आल्यावर तिने चार्टपेपर परत काढला. जाड रेघेच्या खालच्या बाजूला, दारणेच्याही अलीकडे, एक छोटी निळी रेघ ओढली आणि लिहिलं: नासर्डी (नंदिनी), उजवा तीर.

पप्पांनी चष्मा लावून बघितलं. "निळी काढलीस?"

"मग कुठल्या रंगाने काढू?"

ते तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि निकेलच्या टाकीतलं पाणी कुठल्या रंगाचं असतं, क्रोमच्या टाकीतलं कुठल्या, हे तिला सांगायला लागले. मी किचनमध्ये चहा टाकला आणि तिथूनच ऐकत राहिलो.